देवाच्या दिव्यावर चालणारा पंप

नगरहून राजूरला माणसं सकाळी निघतात आणि जेवायच्या वेळेला पोचतात. एसटीनं गेलं तरी. आम्ही निघालो आणि गाडीसकट तिसऱ्या दिवशी पोचलो, आणि मधल्या सगळ्या वेळात माझा जीव मुठीत होता. तुम्ही त्या बाजूला गेला नसाल तर जरूर जा, पण दुसऱ्या कुठल्या तरी गाडीनं जा, एवढं आधीच सांगून ठेवते.

मी भित्री आहे. कुणी म्हणायच्या आत मीच म्हणून टाकते, म्हणजे विषय मिटतो. जन्मभर शाळेत भूगोल शिकवला, फळ्यावर घाट काढले, नद्या काढल्या, पर्जन्यछायेचा प्रदेश तर झोपेतसुद्धा सांगेन. पण खरोखरीच्या घाटात गाडी शिरली की माझे हातपाय गार पडतात. आमचे हे त्याच्या अगदी उलट. आयटीआयमध्ये टर्नरच्या मुलांना शिकवून निवृत्त झाले आणि त्या दिवसापासून सासऱ्यांनी घेतलेल्या जुन्या मोटारीच्या मागे लागले. गोल दिव्यांची, निळी गाडी. कुठल्या कंपनीची ते सांगत नाही, कारण तिचे भक्त फार आणि ते लगेच भांडायला उठतात.

नगर

पाट्यांवर आता अहिल्यानगर आहे, आमच्या तोंडात अजून नगरच बसलंय. तर नगरला, आमच्या दारात, निघायच्या आदल्या आठवड्यात काय झालं ते आधी सांगायला हवं.

गेल्या उन्हाळ्यात ह्याच गाडीनं आम्ही राजूरला निघालो होतो आणि विठ्याच्या घाटात, ऐन चढावर, ती बंद पडली. नुसती बंद पडली नाही, मागं सरकायला लागली. मागं कांद्याचा टेम्पो. ह्यांनी हँडब्रेक ओढून धरला, मी उडी मारून खाली उतरले आणि चाकाला दगड लावला. लावताना हातातल्या बांगड्या फुटल्या. घरी आल्यावर मी पहिल्यांदाच आवाज चढवून बोलले: पुढच्या खेपेला घाटात ही बया एकदा जरी थांबली, तर तिला द्यायची. घेणाराही तयार होता. मनमाड रस्त्यावरच्या एका हॉटेलवाल्याला ती दाराशी शोभेला उभी करायची होती. बॉनेट उघडून त्यात शेवंती लावणार म्हणाला. ह्यांचा चेहरा पडला, पण "ठीक आहे" म्हणाले. आमच्यात तसं ठरलं.

आता ह्या माणसाच्या दिवसात गाडीशिवाय दुसरं काही नाही. सकाळचा चहा गाडीशेजारी, संध्याकाळचं फडकं गाडीवर. ती गेली तर हे काय करतील, ह्याची मला भीती होती. ती राहिली तर आमचं काय होईल, ह्याचीही होती. दोन्हीकडून माझीच झोप उडालेली.

गाडी का थांबते, ते ह्यांनी मला स्वयंपाकघरात समजावलं. इंजिनाला चिकटून एक जुना पंप असतो, तो मागच्या टाकीतून पेट्रोल ओढतो. उन्हात आणि चढावर इंजिन तापलं की नळीतल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंप नुसती हवा ओढत बसतो. त्यात हल्ली पेट्रोलमध्ये उसापासूनचं इथेनॉल असतं, त्यानं वाफ आणखी लवकर धरते आणि जुनं रबरही खराब होतं. म्हणजे आमच्याच जिल्ह्याचा ऊस आमच्याच गाडीला बाधला. ह्यावर उपाय म्हणून टाकीजवळ विजेवर चालणारा जादा पंप बसवायचा.

"पुढचा ओढतो, मागचा ढकलतो," हे म्हणाले. "बैलगाडी चढावर अडली की मागून माणसं खांदा लावतात, तसं."

वायरिंगला दत्तू मिस्त्री आला. बोलका माणूस, हात चालतो त्याहून तोंड जास्त. नव्या पंपाला बटन हवं, आणि बटनाला डॅशबोर्डात भोक हवं. ह्यांनी भोक पाडायला साफ नकार दिला. वडिलांच्या गाडीला ड्रिल लावू देणार नाही म्हणाले. दत्तू थोडा वेळ डोकं खाजवत बसला. मग त्याचं लक्ष डॅशबोर्डावरच्या गणपतीकडे गेलं. आपल्याकडे असतो तसाच, मागं लाल दिवा असलेला. त्या दिव्याला स्वतःचं जुनं बटन आहे.

"ह्याच बटनावर पंप घेतो सर," दत्तू म्हणाला. "गाडीत बसलं की मानूस आधी देवाचा दिवा लावतो, मग चावी फिरवतो. इसरायचा प्रश्नच न्हाई. अन उतरताना बंद करतोच."

मला ते फार पटलं. ह्यांनाही पटलं. देवाच्या दिव्यावर पंप, म्हणजे देवच पेट्रोल देणार. मी तर मनातल्या मनात त्या दत्तूला आशीर्वाद दिला. तेव्हा आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की हा दिवा चावी नसतानाही लागतो.

हिवरे बाजार

पहिला मुक्काम पारनेरला होता, ह्यांच्या आत्याबाईंकडे. त्या दर उन्हाळ्यात राजूरला लेकीकडे जातात, गारव्याला. त्यांना घेऊनच पुढं जायचं. वाटेत हिवरे बाजारला वळलो, कारण ह्यांना चढउतारावर पंप तपासायचा होता आणि मला माझी छाती.

दिवा लावला की मागच्या सीटखालून टक् टक् टक् टक् असा आवाज सुरू होई. हा पंपाचा आवाज. मला पहिल्यांदा त्यानं धडकीच भरली. बाँबचा आवाज सिनेमात असतो तो हाच. आणि त्यात पेट्रोलचा वास. मी काच खाली केली, नाक बाहेर काढलं, आत घेतलं.

"अहो, वास येतोय."

"जुन्या गाडीला थोडा येतोच," हे म्हणाले.

हिवऱ्याच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी झाडं आहेत, आणि मे महिन्यात नगर तालुक्यात हिरवं दिसलं की डोळे निवतात. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी हे गाव पाहावंच. पाणी अडवून, जिरवून, ग्रामसभेत बसून त्यांनी ते हिरवं केलंय. आमच्या नगरच्या कॉलनीत टँकर आला की आधी कुणाची टाकी भरायची ह्यावर शेजारी शेजारी बोलणं टाकतात. इथं एका घरी मी रेडिएटरसाठी पाणी मागितलं, तर आजोबांनी मला दोन बादल्या दाखवल्या.

"ही प्यायची, ही वापरायची. गाडीला वापरायची द्या. गाडीला काय गोडं आन खारं कळतं व्हय?"

पाणी ओतून झाल्यावर आजोबा गाडीला कान लावून उभे राहिले. "घड्याळ हाय का आत?" ह्यांनी पंपाची गोष्ट सांगितली. आजोबा विचार करून म्हणाले, "म्हंजी गाडीला दोन काळजं बसवली तुमी." मला हसू यायला हवं होतं, पण दोन काळजं म्हणजे बंद पडायलाही दोन, एवढंच मनात घेऊन मी निघाले.

पारनेर

आत्याबाई म्हणजे ठेंगण्या, काटक, ऐकायला जरा कमी, बोलायला अजिबात कमी नाही. आमची वाट बघत अंगणात खुर्ची टाकून बसल्या होत्या.

"आली का डबडी?" त्यांनी गाडीकडं बघून विचारलं. "सुदाकर, ही मला राजूरपत्तोर नेती का मीच हिला ढकलीत नेऊ?"

"नेती आत्या. नवा पंप बसवलाय."

"बसिव बाबा. बायकोला घाबरवायला काहीतरी लागतंयच तुला."

संध्याकाळी त्यांनी हुलग्याची शेंगोळी केली. पारनेरकडं कोरडवाहू रान, हुलगा, मठ, बाजरी हेच खरं पीक, आणि शेंगोळी खावी तर ह्याच बाजूची. आमच्याकडं मी करते ती पातळ होते. आत्याबाईंची दाट, लसणाची फोडणी नाकात बसणारी. पण त्या दिवशी गप्पांच्या नादात आत्याबाईंचं लक्ष उडालं आणि शेंगोळी खाली चांगलीच लागली. करपलेला वास ओसरीपर्यंत आला. आत्याबाई ओशाळल्या. मी दोन घास कसेबसे खाल्ले. ह्यांनी मात्र दोनदा मागून घेतली आणि म्हणाले, "आत्या, अशी शेंगोळी कुठं खायला मिळत नाही." आत्याबाई खूश. मला ह्यांचं कौतुक वाटलं. म्हातारीचं मन राखलं म्हणून.

रात्री झोपताना मी विचारलं, "उद्या घाटात थांबली तर?"

"तर शेवंती," हे म्हणाले आणि कुशीवर वळले. त्यांना झोप लागली नव्हती, हे मला श्वासावरून कळत होतं.

संगमनेरच्या वाटेवर

दुसऱ्या दिवशी टाकळी ढोकेश्वरवरून आळेफाटा, तिथून संगमनेर. ऊन मी म्हणत होतं. आत्याबाई मागं, मांडीवर पापडांचा डबा. मी पुढं, मांडीवर पाण्याच्या बाटल्या आणि एक ओलं पोतं. आग लागली तर टाकायला. ह्यांनी पोत्याकडं पाहिलं आणि परत रस्त्याकडं.

आश्चर्य म्हणजे गाडी चालत होती. चढ आला की ह्यांचा चेहरा ताठ होई, मी दिव्याकडं बघे, मागं टक् टक् चालू असे आणि गाडी वर निघून जाई. आदल्या दिवशी जो आवाज बाँबसारखा वाटला होता, त्यावर आता माझा श्वास चालायला लागला. टक् टक् आहे ना, मग सगळं ठीक आहे. आवाज जरा कमी ऐकू आला की मी मागं वाकून कान देई.

"सूनबाई, काय हरवलंय का?" आत्याबाई विचारत.

वाटेत एका कारखान्याच्या अलीकडं मळीचा असा भपकारा आला की मी पदर नाकाला लावला. आत्याबाईंनीही लावला. हे आरामात गाडी हाकत होते, एक हात खिडकीत. मी म्हटलं, काय माणूस आहे, कशाचं काही वाटत नाही ह्याला. मला त्या घटकेला त्यांचा रागच आला.

संगमनेरच्या पुढं एक चाक पंक्चर झालं. ही आपत्ती मला जवळजवळ आवडली. पंक्चर म्हणजे साधं दुखणं, त्याला नाव असतं, औषध असतं. पण त्यात वेळ गेला आणि अकोल्यात पोचेपर्यंत उन्हं कलली.

अकोले

अकोल्याला स्टँडाजवळ गाडी लावून ह्यांनी चावी काढली, देवाचा दिवा बंद केला, आणि आम्ही दोघं चहाला उतरलो. आत्याबाई म्हणाल्या, "माजं गुडगं आखडल्यात. मी बसते हितंच." त्यांना चहा गाडीतच आणून दिला आणि त्या पुढच्या सीटवर, वाऱ्याला, येऊन बसल्या.

चहाच्या टपरीवर माझी एक जुनी विद्यार्थिनी भेटली. अकोल्यात दिलेली, आता तिथल्याच शाळेत शिक्षिका. बाई, घरी चला म्हणून हात धरला तो सोडेना. घर मागच्याच गल्लीत. गेलो, बसलो. तिनं तांदळाच्या कुरडया तळल्या. देशावर आपण पाहुण्याला गव्हाची कुरडई देतो, अकोल्यापासून पुढं सगळा भात सुरू होतो, कुरडईसुद्धा भाताची. कुरकुरीत, पांढरीशुभ्र. निघू निघू म्हणताना चांगलाच उशीर झाला आणि दिवेलागण झाली.

परत येताना मला लांबूनच गाडी दिसली. आत लाल दिवा लागलेला, गणपती उजळलेला, समोर आत्याबाई हात जोडून बसलेल्या. जवळ गेल्यावर टक् टक् ऐकू आलं. आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. चला, पंप चालू आहे, असं मी मनाशी म्हटलं. दिवसभराची सवय. गाडी उभी आहे आणि पंप चालू आहे, ह्यात काही चुकतंय हे माझ्या डोक्यात आलंच नाही. ह्यांच्याही आलं नाही. आत्याबाई परत मागं गेल्या, हे बसले, दिवा लागलेलाच होता, चावी फिरवली, निघालो.

अकोल्याबाहेर पडलो आणि वास आला. कालच्यासारखा नाही. डोळ्यांत पाणी आणणारा, घशात बसणारा.

"अहो, वास येतोय."

"काल पण येत होता."

"हा कालचा नाही. गाडी थांबवा."

"पुढं घाट आहे मंदा. घाट चढला की बघू."

"घाटाच्या आधी थांबवा."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं नव्हतं. "तुला ती जायलाच हवी आहे ना," ते म्हणाले. "थांबली म्हणायला मिळावं म्हणून थांबव म्हणतेस."

मला रडूच आलं. रागानंही आणि भीतीनंही. बोलायची सोय नव्हती. थांबवा म्हटलं तर मी लबाड, नाही म्हटलं तर तिघं जळून मरणार. मागं वळून विचारलं, "आत्याबाई, तुम्हाला येतोय का वास?"

"मगाचपासून येतोय की. मला वाटलं ह्या गाडीचा असाच आस्तो."

त्यावर ह्यांनी वेग कमी केला. घाटाच्या पायथ्याशी, एका बंद टपरीपुढं त्यांनी गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. मी आत्याबाईंना ओढूनच खाली उतरवलं आणि बऱ्याच अंतरावर दगडावर बसवलं. अजून पुरता अंधार पडला नव्हता. ह्यांनी बॉनेट उघडलं, इंजिनातलं तेल मोजायची पट्टी बाहेर काढली, पुसली, परत घालून काढली. तेल वरच्या खुणेच्या कितीतरी वर होतं.

"वाढलंय," ते पुटपुटले. "तेल कमी होतं. वाढत नाही कधी."

"वाढलं तर बरंच की," आत्याबाई दगडावरून म्हणाल्या. "देवाची किरपा."

ह्यांनी ती पट्टी नाकाजवळ नेली. एकदा, दोनदा. मग माझ्यापुढं धरली. "बघ गं. पेट्रोलचा येतोय का?"

वितभर अंतरावरूनच माझं डोकं गरगरलं. नुसतं पेट्रोल. आणि तीच पट्टी ह्यांनी नाकपुडीला लावली होती आणि त्यांच्या चेहऱ्यावरची रेघसुद्धा हलली नव्हती.

"तुम्हाला येत नाही?" मी विचारलं.

ते पट्टीकडं बघत राहिले.

"कशाचाच येत नाही," ते म्हणाले. "मागं मोठा ताप आला होता ना, त्यानंतर वास गेला, तो परत आलाच नाही. पेट्रोलचा नाही, उदबत्तीचा नाही. तू जेवायला वाढून विचारतेस कसं झालंय, मी छान म्हणतो."

मला शेंगोळी आठवली. मळीचा वास आठवला. घरी मी आमटी करपवली होती आणि ह्यांनी भुरका मारून खाल्ली होती, आणि मी मैत्रिणींना सांगत सुटले होते की आमच्या ह्यांचा स्वभाव किती सोसणारा आहे. इतके दिवस मी ह्या माणसाच्या शेजारी झोपले आणि मला कळलं नाही. फार वाईट वाटलं. मी त्यांच्या दंडाला धरून उभी राहिले.

मग काय झालं होतं ते हळूहळू उलगडलं. जुन्या पंपाच्या पोटात रबराचा पडदा असतो, तो फाटलेला होता. इंजिन चालू असताना नवा पंप ढकलत होता ते पेट्रोल बहुतेक वर जात होतं, थोडं झिरपत असेल. पण गाडी उभी आणि नवा पंप चालू, म्हटल्यावर तो आपला ढकलत राहिला आणि पेट्रोल फाटक्या पडद्यातून सरळ इंजिनाच्या तेलात.

"पण पंप चालू कुणी केला?" हे म्हणाले.

आम्ही दोघांनी आत्याबाईंकडं पाहिलं.

"मी दिवा लावला," त्या म्हणाल्या. "तिन्हीसांजेला देव अंधारात ठिवायचा व्हय? तुमी दोघं तर कुरडया खात बसला."

त्यांना काय बोलणार? कुणी सांगितलंच नव्हतं. ह्यांनी तिथूनच दत्तूला फोन लावला. पलीकडून दत्तूचा आवाज मलाही ऐकू आला: "आवो सर, उभ्या गाडीत देवाचा दिवा कोन लावतं?" मग म्हणाला, "आमची म्हातारी पन लावील म्हना."

त्या रात्री आम्ही गाडी पायथ्याशी टाकून वडापच्या जीपनं घाट चढलो. आत्याबाईंची लेक शालन हिनं गरम भात आणि वरण वाढलं. हे जेवले. कसं झालंय असं शालननं विचारलं तेव्हा त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि नुसती मान हलवली.

विठ्याचा घाट

सकाळी तेलाचे डबे आणि रबरी नळी घेऊन आम्ही दोघंच जीपनं खाली उतरलो. ह्यांनी बिघडलेलं तेल डब्यात काढलं, नवं भरलं. फाटक्या पंपाला वगळून नव्या पंपाची नळी सरळ कार्बोरेटरला जोडली. देवाच्या बटनावरची वायर काढून चावीवर घेतली, म्हणजे चावी काढली की पंपही बंद. हे सगळं करताना ते दर थोड्या वेळानं वर बघत आणि म्हणत, "इथं ये. हुंग." मी सांध्या-सांध्याला नाक लावत हिंडत होते. येणाऱ्या-जाणाऱ्यांना काय वाटलं असेल देव जाणे.

सगळं झाल्यावर त्यांनी हात पुसले आणि गाडीत न बसता टपरीच्या फळीवर बसले.

"हॉटेलवाल्याला राजूरला यायला सांग," ते म्हणाले. "तिथून घेऊन जाईल."

"अजून घाट चढलो नाही आपण."

"चढेल ती. तिचा प्रश्न नाही. माझाच प्रश्न आहे. उद्या मी एकटा निघालो, नळी गळाली, पेटेपर्यंत मला कळणार नाही. कुणाला तरी घेऊन जळेन. काल तुला खोटं ठरवून मी घाटात शिरत होतो मंदा."

वर्षभर मला जे हवं होतं ते ह्या माणसानं आपणहून माझ्या हातात ठेवलं होतं. हो म्हणायचं तेवढं बाकी होतं. मी म्हटलं, "आधी वर तर चला."

घाट तसा सुंदर आहे. तुम्ही गेलात तर खिडकीतून बघा, करवंदांच्या जाळ्या काळ्याभोर झालेल्या असतात, वळणावर ठाकराच्या बायका पळसाच्या द्रोणात ती विकायला बसलेल्या असतात, आणि खाली प्रवरेचं खोरं पसरलेलं दिसतं. मी त्यातलं निम्मंच पाहिलं. कारण दर वळणाला हे विचारत होते.

"येतोय का?"

"नाही."

"आता?"

"नाही. पुढं बघा."

गेल्या साली जिथं चाकाला दगड लावला होता, ते वळण आलं आणि गेलं. टक् टक् चालू होतं. गाडी चढत होती. मी श्वास सोडला, आणि नेमका तेव्हा धूर नाकात शिरला. जळकं, कडवट.

"थांबवा," मी ओरडले.

त्यांनी चढावरच गचकन गाडी थांबवली आणि चावी काढली. मी ओलं पोतं घेऊन उतरले, पोतं बॉनेटवर टाकलं, बाटल्या ओतल्या. हे चाकाला दगड लावून धावत आले आणि बॉनेटला हात लावून बघू लागले. काही नव्हतं. गाडी गार पाण्यानं निथळत उभी होती. रस्त्याच्या वरच्या अंगाला, उतारावरच्या खाचरात, एक बाई कमरेवर हात ठेवून आमच्याकडं बघत होती. तिच्या मागं जमिनीवर पसरलेला पालापाचोळा आणि फांद्या धुमसत होत्या.

"काय झालं वो बाई?"

"कसला धूर आहे?"

"राब भाजतोय," ती म्हणाली आणि हसायला लागली. भाताची रोपं टाकायच्या आधी इथं जमीन अशी भाजून घेतात. भूगोलाच्या तासाला मीच मुलांना ते शिकवलं होतं.

हे हसले नाहीत. चिखल झालेल्या बॉनेटजवळ उभे राहून विचारलं, "कसा येतो गं? राबाचा?"

मी परत एकदा हुंगलं. मग म्हटलं, "शेणीसारखा. पण गोडसर. ओल्या पाल्याचा थोडा कडवट. चुलीपेक्षा चांगला." त्यांनी डोळे मिटले आणि लांब श्वास घेतला. काही आलं नसणार. मला दिसत होतं.

"थांबली शेवटी घाटात," ते म्हणाले.

"ती नाही थांबली. मी थांबवली."

आम्ही आत बसलो. चढावर थांबलेली गाडी पुन्हा उचलायची, हेच तर सगळ्यात अवघड. त्यांनी चावी फिरवली. मागं टक् टक् सुरू झालं, इंजिन लागलं, गाडी जरा थरथरली आणि दगड मागं टाकून पुढं निघाली.

"हॉटेलवाल्याला नाही म्हणून सांगते," मी म्हटलं.

"आणि वास?"

"मला येतो ना. मी शेजारी नसेन तेव्हा गाडी दाराबाहेर काढायची नाही."

"म्हणजे प्रत्येक वेळी तू बसणार? घाटातसुद्धा?"

"बसेन. भीत भीत बसेन, पण बसेन."

त्यांनी गिअर बदलला. दोन वळणं तशीच गेली. मग रस्ता सपाट झाला, राजूरची पहिली घरं दिसली, आणि त्यांनी समोर बघतच विचारलं, "आता येतोय का?"

मी काच खाली केली, नीट हुंगलं, आणि नाही म्हणून सांगितलं.